वरच्या खोलीतले कांदे

किस्से काही कुणी जमवत नाही. रिकामं पोतं झटकलं की तळाशी अडकलेले चार दाणे पडतात, तसे ते आपोआप निघतात. आमच्या ऑफिसात तर झटकायचीही गरज नाही. दोघं चहाला उभे राहिले की तिसऱ्याला काहीतरी आठवतंच. त्यात क्वामे साहेब आले, आणि मग तर विचारूच नका!

एक आधीच सांगून ठेवतो. मी स्वतः भेदभाव वगैरे मानत नाही. आमच्या ऑफिसात कुणीच मानत नाही. पुढचं वाचताना हे लक्षात असू द्या, कारण मलासुद्धा ते मधूनमधून स्वतःला सांगावं लागतं.

आमची बियाण्याची कंपनी. चिखली तालुक्यात, रस्त्याला लागून पॅकहाऊस. आसपासचे शेतकरी शेडनेटमध्ये, म्हणजे जाळीच्या मांडवात, मिरची-टोमॅटोचं बियाणं घेतात, उघड्यावर कांद्याचं; पॅकहाऊसला लागून कंपनीचंही एक शेडनेट आहे. मी मधुकर, फील्ड ऑफिसर, म्हणजे दिवसभर मोटरसायकलवर प्लॉट बघत फिरणारा. पॅकहाऊसमध्ये ग्रेडिंगचं मशीन आहे, ते सकाळपासून संध्याकाळपर्यंत असं खडखडतं की शेजारच्या माणसाशीही ओरडून बोलावं लागतं. लाइट गेली तरच ते थांबतं, एरवी बंद करायचं नाही, असा मॅनेजर साहेबांचा हुकूम आहे. त्या मशीनवर माझी बायको वैशाली बसते. "ऑफिसात तुम्हाले ऐकू येत नाही आन् घरी तुम्ही ऐकत नाही," हे तिचं माझ्याबद्दलचं कायमचं मत.

आमचं बियाणं जातं आफ्रिकेत. तिकडच्या कंपनीनं एका हंगामासाठी आपला तपासनीस पाठवला. डॉक्टर क्वामे, घाना देशाचे. आल्या आल्या गजाननभाऊंनी, म्हणजे आमच्या सुपरवायझरनी विचारलं, "घाना म्हणजे क्रिकेटवाली आफ्रिका का?" नाही म्हटल्यावर ते जरा नाराजच झाले.

*

पहिला किस्सा स्वागताचा.

आमच्याकडं फ्लेक्सशिवाय माणूस आला असं कुणी धरतच नाही. वाढदिवस असो, निवड असो की शंकरपटात बैलजोडी पहिली येवो, चौकात फ्लेक्स लागलाच पाहिजे. मॅनेजर साहेबांनी मला क्वामे साहेबांचा फोटो दिला, मी तो अमडापूरच्या फ्लेक्सवाल्याला पाठवला.

साहेब यायच्या दिवशी सकाळी फ्लेक्स आला. खाली ओळीनं हात जोडलेले आम्ही. मधोमध सूट, टाय, आणि वर कुणीतरी गोरापान, गुलाबी गालांचा माणूस! मी फ्लेक्सवाल्याला फोन लावला.

"हे कोण आहे बे?"

"तुमचे पाहुणे ना, भाऊ."

"अरे, ते काळे आहेत!"

"हाव ना, फोटोत लईच काळे दिसत होते. म्या उजळवले."

"काऊन उजळवले?"

"भाऊ, मी सगळ्यायलेच उजळवतो. सरपंचाले उजळवलं, तुमच्या मॅनेजरले उजळवलं, तुमचाही गाल पाहा. आता यायलेच तेवढं सोडलं तर तो भेदभाव नाही का होणार?"

मी फोन ठेवून दिला. तोवर आमचे ड्रायव्हर शकीलभाई साहेबांना घेऊन पोचले होते. साहेब उतरले, चांगले उंचपुरे, आणि फ्लेक्सखाली उभे राहून बराच वेळ वर बघत राहिले.

"हे कोण?" त्यांनी इंग्रजीत विचारलं.

"सर, ते तुम्हीच आहात."

साहेबांनी पुन्हा एकदा नीट बघितलं. "भेटले तर त्यांना माझा नमस्कार सांगा," म्हणाले.

पुढं चार दिवस गावातला प्रत्येक माणूस फ्लेक्सपाशी थांबून विचारायचा, "हे गोरे साहेब कधी येऊन राह्यले?" आणि हे विचारायचा तो फ्लेक्सखाली उभ्या असलेल्या क्वामे साहेबांनाच!

*

साहेब पहिला शब्द शिकले तो "काऊन", म्हणजे आमच्याकडचं "का". शेडनेटमध्ये बाया काम करता करता दिवसभर एकमेकींना विचारत असतात, काऊन उशीर झाला, काऊन जेवली नाही. साहेबांनी तो उचलला आणि खिशात पेन ठेवावा तसा सोबत ठेवला. हाती काही नवीन आलं की लगेच, "काऊन?"

एकदा मंदाताईंनीच त्यांना विचारलं. मंदाताई म्हणजे शेडनेटमधल्या बायांच्या म्होरक्या. "साहेब, क्वामे म्हणजे काय हो?" मी मध्ये बसून भाषांतर केलं. साहेब म्हणाले, आमच्याकडं ज्या वारी पोरगा होतो त्या वाराचं नाव त्याला मिळतं. मी शनिवारचा, म्हणून क्वामे.

मंदाताई हसायलाच लागल्या. "घ्या! माह्या सासऱ्याचं नाव बुधाजी. बुधवारचे."

शकीलभाई म्हणाले, "आमच्या चाचाचं नाव जुम्मन. जुम्म्याले झाले म्हणून."

"मग एवढ्या दुरून काय नवीन आणलं यायनी?" मंदाताईंनी विचारलं आणि सगळ्या बाया परत फुलांना पराग लावायला वळल्या. साहेब मात्र त्या दिवसभर बुधाजी, जुम्मन, क्वामे असं पुटपुटत फिरत होते. मला ते फार आवडलं, खरंच सांगतो.

*

आता खोलीचं सांगतो.

साहेबांची सोय पॅकहाऊसच्या मागच्या खोलीत केली होती. भिंतीपलीकडं बियाण्याला लाल औषध चोळतात. त्याची पूड कुठूनही येते. साहेब सकाळी उठायचे तेव्हा उशी गुलाबी झालेली असायची. महिनाभरात त्यांना खोकला लागला. चिखलीच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, जागा बदला, नाहीतर परत जा. मॅनेजर साहेबांनी मला बोलावलं. "मधुकर, गावात खोली बघून दे. ही तुझी वैयक्तिक जबाबदारी."

मी आणि शकीलभाई निघालो. पहिले घरमालक गेटपाशीच म्हणाले, "बाकी काही नाही हो, पण आमचं शाकाहारी घर आहे."

"साहेबही शाकाहारी आहेत," मी म्हणालो. खरंच होतं ते. त्यांच्या चर्चचा पंथच तसा, मांस-मासे वर्ज्य.

घरमालकांचा चेहरा उतरला. "अंडं?"

"नाही."

"दारू?"

"दारू कसली, ते चहासुद्धा पीत नाहीत!"

घरमालकांनी बराच विचार केला. मग त्यांना सापडलं. "चहा पेत नाही? मग नाही जमणार, भाऊ. घरात राह्यणारा माणूस चहाले नाही म्हणते, म्हणजे काय झालं!"

पुढच्या रविवारी हेच घरमालक मटणाच्या दुकानासमोर रांगेत दिसले. मला बघून त्यांनी पिशवी पाठीमागं धरली आणि म्हणाले, "पाहुणे आलेत."

दुसरे घरमालक निवृत्त हेडमास्तर. मला शिकवलेले. त्यांच्या भिंतीवर अजून फ्रेम आहे, शाळेतल्या प्रतिज्ञेची. मला हुरूप आला. मी म्हणालो, "सर, तुम्हीच आम्हाला रोज म्हणायला लावायचे, सारे भारतीय माझे बांधव आहेत."

सरांनी चष्मा वर केला. "बरोबर आहे. सारे भारतीय. हे गृहस्थ कुठले?"

"घानाचे."

"मग? प्रतिज्ञेत घानाचा उल्लेख कोठी आहे, दाखव मले!"

तेवढ्यात मागून शकीलभाई बोलले, "सर, मी तर भारतीय आहो. दोन वर्षांपूर्वी मीही हीच खोली पाह्यले आलतो. मले कुठी देल्ली तुम्ही?"

सरांना जराही वाईट वाटलं नाही. उलट त्यांनी शकीलभाईंच्या खांद्यावर हात ठेवला. "तुह्यं वेगळं आहे, शकील. तू आपला माणूस. आपला होता म्हणूनच तर तोंडावर नाही म्हटलं!"

परत येताना शकीलभाई जीप चालवत हसत होते. मीही हसत होतो. मग त्यांनी सहज विचारलं, "मधुभाऊ, तुमच्या घराची वरची खोली? पंखा आहे, बाथरूम आहे, जिनाही बाहेरून आहे."

"तिथं कांदे आहेत," मी म्हणालो.

"अच्छा, कांदे." त्यांनी गिअर बदलला.

साहेबांनी संध्याकाळी विचारलं, काय झालं. मी सांगितलं, गावात एकही खोली रिकामी नाही. "काऊन?" साहेबांनी विचारलं. "लग्नसराई," मी म्हणालो. माझ्याही घरी एक खोली आहे पण कांद्यांनी भरलेली, हेही सांगून टाकलं, उद्या दुसरीकडून कळायला नको म्हणून. साहेबांनी मान डोलावली आणि खोकले.

*

गजाननभाऊ माणूस फार दिलदार, पण सकाळी उठल्याबरोबर पाच-सहा जोक कुठून कुठून उचलून ऑफिसच्या ग्रुपवर टाकल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. एके दिवशी त्यांनी टाकला: लोडशेडिंगमध्ये काळ्या माणसाला शोधायचं असेल तर त्याला हसायला सांगा. खाली हसण्याचे चेहरे धडाधड पडले. त्यात माझे तीन.

साहेबही त्या ग्रुपवर आहेत, हे कुणाच्या लक्षातच नव्हतं. असतं तरी काय, त्यांना मराठी कुठं येतं! पण मोबाइलला येतं ना. दहा वाजता साहेब मोबाइल घेऊन माझ्या टेबलापाशी आले.

"मधुभाऊ, मी भाषांतर केलं. पण जोक कळला नाही. तुम्ही तीनदा हसलात, म्हणून तुमच्याकडं आलो. समजावून सांगा."

मी म्हणालो, जाऊ द्या सर. ते म्हणाले, नाही, मला भाषा शिकायची आहे. मग मी सुरू केलं. "म्हणजे सर, लाइट गेलेली असते."

"बरं."

"आणि एक माणूस असतो, तो... दिसत नाही."

"काऊन?"

"अंधारात, सर."

"अंधारात तुम्ही दिसता?"

"नाही."

"मॅनेजर साहेब?"

"तेही नाही दिसत."

"मग तुम्हाला कसं शोधतात?"

"हाक मारतात, सर. नावानं."

साहेबांनी थोडा विचार केला. "मग त्यालाही नावानं हाक मारायची. यात हसण्यासारखं काय आहे?"

मी म्हणालो, काही नाही सर. "मग तुमचे तीन चेहरे काढून घ्या," म्हणाले. मी काढले. गजाननभाऊंनी लांबून हे सगळं बघितलं आणि जोकच काढून टाकला. त्यानंतर कित्येक दिवस ग्रुपवर नुसत्या गणपतीच्या फोटोंवर भागलं.

*

असाच एक किस्सा पुण्याच्या मीटिंगचा. महिन्यातून एकदा हेड ऑफिसवाले कॉम्प्युटरवर दिसतात आणि आम्ही त्यांना प्लॉटचे हाल सांगतो. एरवी मी शुद्ध बोलायचा आटोकाट प्रयत्न करतो. पण त्या दिवशी मिरचीवर रोग पडला होता, मी घाईत होतो, आणि तोंडातून निघून गेलं, "मले वाटते, शेतकऱ्यायले आजच फवारा सांगा लागते."

पडद्यावर खसखस पिकली. एकजण म्हणाला, "मले-तुले! अहो, काय गोड बोलतात हे लोक!" आमचे मॅनेजर साहेबही हसले, ते मूळचे तिकडचेच. आणि मीही हसलो. इतकी वर्षं हसतच आलोय. सवय झाली की ते आपोआप होतं.

क्वामे साहेब माझ्या शेजारी बसले होते. ते पडद्याकडं वाकले आणि इंग्रजीत म्हणाले, "एक मिनिट. हे म्हणतायत प्लॉटवर रोग पडलाय. तुम्ही सगळे हसताय. काऊन?"

"काऊन" तेवढं वऱ्हाडीत! पडद्यावरून एकजण म्हणाला, आवाज तुटतोय. दुसरी बाई म्हणाली, माझ्याकडंही नेटवर्क नाही. एक एक चौकट काळी होत गेली. दोन मिनिटांत अख्ख्या पुण्याचं नेटवर्क गेलं!

खरं सांगतो, माझ्या बाजूनं असं कुणी कधी विचारलंच नव्हतं. मी साहेबांना म्हणालो, "चला सर, चहा घेऊ." ते चहा पीत नाहीत हेसुद्धा विसरलो.

त्या दिवशी घरी जाऊन मी वैशालीला सगळं रंगवून सांगितलं. ती भाकरी थापत होती. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मंग आता तरी द्या ना त्यायले वरची खोली."

"लोक काय म्हणतील?"

"कोणते लोक? नावं सांगा."

मी आठवून बघितली, एकही नाव येईना. "अन् घरात बारावीतली पोरगी आहे," मी म्हणालो.

पोरगी आतल्या खोलीतून ओरडली, "मले इंग्रजी बोलाले कोणी तरी भेटन ना, बाबा!"

"शिवाय वर कांदे आहेत," मी म्हणालो आणि विषय संपवला.

*

त्यानंतर हेड ऑफिसचं परिपत्रक आलं. माल परदेशात जातो, तिकडच्या गिऱ्हाइकांची अट होती: प्रत्येक शाखेत भेदभाव रोखण्यासाठी एक जबाबदार व्यक्ती नेमा, तक्रारपेटी लावा, रजिस्टर ठेवा. मॅनेजर साहेबांनी मीटिंग बोलावली.

"आपल्या शाखेत भेदभाव नाहीच," ते सुरुवातीलाच म्हणाले. आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. "पण फॉर्मवर एक रकाना आहे, 'जबाबदार व्यक्तीचे नाव'. तिथं कोणाचं नाव टाकू?"

एवढी शांतता मी आमच्या ऑफिसात कधी अनुभवली नव्हती, आणि तीही मशीन चालू असताना! जो तो खाली बघायला लागला. मी तर बुटाची लेस सोडून परत बांधली. आधी कुणीतरी शकीलभाईंचं नाव घेतलं. शकीलभाई म्हणाले, "काऊन? भेदभाव मी करून राह्यलो का?"

मग गजाननभाऊंनी तोडगा काढला. "क्वामे साहेबांचंच टाका ना. त्यायले अनुभव आहे!"

सगळ्यांना हायसं वाटलं. ठराव एकमतानं पास! साहेबांना मी समजावून सांगितलं, की सर, या शाखेत तुमच्याशी कुणी भेदभाव केला तर त्याला जबाबदार तुम्ही. साहेबांनी मला ते वाक्य तीनदा म्हणायला लावलं. मग खूप हसले, हसता हसता खोकले, आणि सही केली.

*

त्यांनी काम मात्र मनावर घेतलं. बियाण्याच्या रिकाम्या डब्याला फट पाडून, कुलूप लावून ग्रेडिंग मशीनशेजारी पेटी ठोकली. दर शुक्रवारी दुपारच्या सुट्टीत सगळ्यांसमोर उघडायची. तक्रार मराठीत असली तर वाचून भाषांतर करायचं काम माझ्याकडं. बाया जेवणाचे डबे घेऊन जमायच्या, टीव्हीच लावल्यासारखं वातावरण.

पहिल्या शुक्रवारी निघाली गुटख्याची पुडी. दुसऱ्या शुक्रवारी लग्नाची पत्रिका; साखरखेर्ड्याच्या एका शेतकऱ्यानं पोष्टाची पेटी समजून टाकली होती. तिसऱ्या शुक्रवारी खरी तक्रार निघाली. मी वाचली: "कॅन्टीनच्या पोह्यात शेंगदाणे नसतात."

सगळे हसले. मॅनेजर साहेब म्हणाले, "हा भेदभाव नाही, ही फाजीलगिरी आहे."

साहेबांनी हात वर केला. "कुणाच्या पोह्यात नसतात?"

मंदाताई उभ्या राहिल्या. "आमच्या. मॅनेजर साहेबाच्या प्लेटीत असतात, या मधुभाऊच्या प्लेटीत असतात. आम्ही काय शेंगदाणे खात नाही?"

साहेबांनी कॅन्टीनवाल्याला बोलावलं. कॅन्टीनवाला म्हणाला, "साहेब, हे आधीपासूनच असंच आहे."

"काऊन?"

कॅन्टीनवाल्यानं खूप आठवून पाहिलं. त्याच्या बापाच्या वेळेपासून ऑफिसवाल्यांची कढई वेगळी होती आणि बायांची वेगळी, एवढंच त्याला ठाऊक होतं. साहेबांनी रजिस्टरात लिहिलं, तक्रार मंजूर. सोमवारपासून कढई एक झाली. मंदाताईंनी त्या दिवशी प्लेटीतला प्रत्येक शेंगदाणा मोजून, दाखवून दाखवून खाल्ला. मला मात्र त्या दिवशी कमी आले, पण मी तक्रार केली नाही.

*

या पेटीचाच शेवटचा किस्सा.

तोवर साहेबांचा खोकला फार वाढला होता. डॉक्टरांनी आठ दिवसांची मुदत दिली, मॅनेजर साहेबांनी परतीचं तिकीट बघायला सांगितलं. मंदाताई आणि बायांनी त्यांच्यासाठी लोकरीची टोपी विणायला घेतली होती, शेडनेटमध्ये फुलांना खुणेला बांधतो त्या लाल लोकरीची. सगळ्यांनाच वाईट वाटत होतं. मलाही वाटत होतं, खोटं का बोलू?

शुक्रवार होता. साहेबांनी पेटी उघडली. आत एकच चिठ्ठी, चार घड्या घातलेली. त्यांनी ती माझ्या हातात दिली.

कागद हातात घेतल्याबरोबर मला कळलं. कॅलेंडरचं पान होतं. मागच्या बाजूला पोरीच्या प्रॅक्टिकलच्या तारखेवर लाल गोल होता, तो मीच केलेला. आणि अक्षर म्हणाल तर ते मी रोज पाहतो, किराण्याच्या यादीवर. मी मशीनकडं बघितलं. वैशाली सुट्टी असूनही जागेवरच बसली होती आणि खाली मान घालून दाणे बघत होती.

चिठ्ठीत दोनच ओळी होत्या. "मधुकर फील्ड ऑफिसर यायच्या घरची वरची खोली रिकामी आहे. कांदे होळीलेच संपले."

"काय लिहिलंय?" साहेबांनी ओरडून विचारलं. मशीनमुळं ओरडावंच लागतं.

मी म्हणालो, "पोह्यांचंच आहे, सर. शेंगदाणे."

"शेंगदाणे?" मंदाताई उसळल्या. "आज तर मले मूठभर होते!"

"मलेही होते," गजाननभाऊ म्हणाले.

"वाच ना बे नीट," शकीलभाई म्हणाले. मला "बे" ते कधी म्हणत नाहीत.

साहेबांनी हात पुढं केला. मी चिठ्ठी दिली. न देऊन सांगता कुणाला? त्यांना मराठी वाचता येत नाही, म्हणून मी निर्धास्त होतो. पण साहेब सहा महिने प्लॉटवरच्या पाट्या वाचत फिरले होते. टोमॅटो, मिरची, कांदा. त्यांनी पहिल्या ओळीवरून बोट फिरवलं, ते पुढं गेलं. दुसऱ्या ओळीच्या पहिल्याच शब्दावर बोट थांबलं.

"कां... दे," साहेबांनी वाचलं. मग माझ्याकडं बघितलं. "कांदे, मधुभाऊ?"

कुणी हसलं नाही. साहेबांनी रजिस्टर उघडलं, टेबलावर माझ्याकडं फिरवलं आणि खिशातला पेन काढून वर ठेवला. समोर आलेल्या रिकाम्या रकान्याचं नाव मीच माझ्या हातानं लिहून दिलं होतं: जबाबदार व्यक्तीचे नाव.

साहेब रागावलेले दिसत नव्हते. त्यांना खोकल्याची उबळ आली, ती त्यांनी थांबू दिली. मग अगदी हळू आवाजात, त्या खडखडाटात मला ओठांवरूनच कळलं, त्यांनी विचारलं, "काऊन?"

वैशालीनं हात लांब केला आणि मशीन बंद केलं.